सात रविवारांची तिजोरी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. शिंपीणकाकूंच्या दुकानात कापडाचे तागे पोटात घेऊन मी तीस वर्षं काढली. मला घडवलं सुतारकाकांनी. माझी खालची फळी उंदीर कुरतडत, म्हणून त्यांनी ती सहा स्क्रूंवर बसवली होती. खराब झाली की बदलायची.

एकदा काकूंच्या भाचीने सिनेमा काढायचं ठरवलं. बँक लुटायला निघालेल्या बावळट चोरांची गोष्ट. उसना कॅमेरा, सात रविवार आणि घरचीच माणसं. पोस्टमनकाका चोरांचे म्होरके, सुतारकाका त्यांचे जोडीदार. काकूंना मात्र काम नव्हतं. त्या चोरांचे बुरखे शिवत आणि सगळ्यांना चहा पाजत. मला अंगणात उभं केलं, करडा रंग फासला. झाकणाचं दार झालं, बुडाची पाठ झाली आणि मी तिजोरी झाले!

आतून तर मी खरोखरच तिजोरी होते. दर रविवारच्या कॅसेट माझ्याच पोटात कुलूपबंद राहत.

सातव्या रविवारी म्होरक्या गोंधळून किल्ली विहिरीत टाकतो, असा प्रसंग होता. त्यासाठी सुतारकाकांनी माझ्या किल्लीसारखीच लाकडी किल्ली कोरून रंगवली होती. सुतारकाकांनी खिशातून काढून दिलेली किल्ली पोस्टमनकाकांनी भिरकावली. सगळे विहिरीवर वाकले.

"बुडाली की हो!" पोस्टमनकाका म्हणाले.

"लाकूड कसं बुडेल?" सुतारकाकांनी खिसा चाचपला. त्यांच्या हातात लाकडी किल्ली आली. स्वतःच्याच कारागिरीने फसून त्यांनी खरी किल्ली दिली होती!

भाचीचा चेहरा उतरला. संध्याकाळी कॅमेरा परत द्यायचा होता. दार फोडावं, तर तिजोरी उघडण्याचा शेवटचा प्रसंग कशावर घ्यायचा? न फोडावं, तर सहा रविवारांची मेहनत आतच.

दोन तास दोघे काका कुलपाशी झटापट करत होते. तार झाली, खिळा झाला. माझा जीव तुटत होता. पण पेटीला कुठली वाचा?

शेवटी काकू कात्री घेऊन उठल्या. "तीस वर्षं उंदरांना जे कळतंय, ते तुम्हा चोरांना कळेना? व्हा बाजूला!"

"मावशी, थांब! काका, तुम्ही दोघे झटापट चालूच ठेवा," भाची ओरडली आणि तिने कॅमेरा सुरू केला.

पुढे दोन चोर घामाघूम, मागे काकू कात्रीच्या टोकाने शांतपणे स्क्रू काढताहेत. फळी निघाली. काकूंनी कॅसेट पदरात घेतल्या आणि विचारलं, "चहा टाकू का?"

शाळेच्या सभागृहात पडद्यावर हे दिसलं, तेव्हा लोक खुर्च्यांवरून घसरेपर्यंत हसले. काकूंनी लाजून पदर तोंडाला लावला होता. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं खुललेलं कधी पाहिलं नव्हतं.

आता काकू नाहीत. मी माळ्यावर आहे, रंगाचे पोपडे उडालेत. मागे पाचच स्क्रू आहेत. सहावा भाचीने आठवण म्हणून नेला.

मित्रांनो, जुनी वस्तू भंगारात काढण्याआधी तिला एकदा मागूनही पाहा. आणि घरात कुणी वर्षानुवर्षं मागे राहून चहा करत असेल, तर कॅमेरा जरा तिकडेही वळवा.