पानावरचा भुंगा

अप्पांच्या श्राद्धाचं पान परसात मांडून तास झाला, तरी कावळा शिवेना. पानावर अंगठ्याएवढा काळा भुंगा घोंघावत होता. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवणार नव्हतं, आणि दोन वाजले होते. शेवटी अप्पांच्या मुलाने, यज्ञेशने, हेमाताईंना पुढे केलं. त्या शेजारच्या, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या, आणि आज इथेच जेवायला आलेल्या. भूक त्यांनाही लागली होती.

"ताई, हा चावेल का हो?"

हेमाताईंनी चष्मा पुसून नीट पाहिलं. पुढच्या पायांवर फिकट लव होती.

"लाकूड पोखरणारा भुंगा आहे, नर. याला नांगी नसते. नुसता येईल त्याच्या तोंडावर जाऊन गुरगुरतो आणि आपली जागा सोडत नाही."

"मग हेच आलेत की," यज्ञेशची आई शांतपणे म्हणाली. "कावळा कशाला हवा? पानं वाढ रे."

यज्ञेशने भुंग्याला हात जोडले.

नर अशी जागा अडवतो तो मादीची वाट बघत, हे सांगायचं राहिलं होतं. हेमाताईंनी काकूंकडे पाहिलं, गरम वड्यांकडे पाहिलं, आणि शास्त्र तेवढ्यावरच आवरतं घेतलं.