केस परत आले तेव्हा

बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत ती इतकी वर्षं बसत आली होती, की तिथल्या लोकांच्या लेखी तिला नावच उरलं नव्हतं. चालक, वाहक, हमाल, रोजचे प्रवासी, सगळ्यांची ती नुसती ताई. काचेतून दिसायचं ते एवढंच: एक शांत चेहरा आणि खांद्यावरून पुढे घेतलेली जाडजूड वेणी. खुर्चीच्या चाकात अडकू नये म्हणून ती वेणी मांडीवर घेऊनच बसायची. कुणी नवखा माणूस गाडी शोधत फिरायला लागला, की हमाल लांबूनच हात करून सांगायचे, "ती वेणीवाली बाई बसलीय ना, तिला विचारा."

घरी मात्र त्या केसांवरून रोजची कटकट. न्हाणीघराची जाळी तुंबली की सासूबाई तिथूनच ओरडायच्या, "अगं, डोकं आहे का सुंभाचा कारखाना?" नवरा जळलेल्या पंपांच्या मोटारी भरून द्यायचा. दिवसभर तांब्याची तार गुंडाळून त्याच्या बोटांना घट्टे पडलेले. तो म्हणायचा, "आई, फेकू नकोस ते. तार संपली की तेच भरतो मोटारीत." ती हसायची आणि जाळी साफ करायला उठायची.

मग डाव्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, ती बाजू गेली, आणि त्यानंतर केमो सुरू करायचं ठरलं. डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या, "केस जातील. सगळ्यांचेच जातात. आणि परतही येतात." तिने त्यातलं शेवटचं तेवढं घट्ट धरून ठेवलं. तिच्या मनाने एक हिशेबच मांडून टाकला, की आपण काही दिवसांसाठी कुठेतरी जाणार आहोत. उपचार संपतील, केस येतील, आणि केसांबरोबर आपणही येऊ.

पहिल्या डोसानंतर काही दिवसांनी ती सकाळी वेणी घालत होती. टोक आवळायला जरा ओढलं, तर मागची अर्धी वेणी मुळासकट हातात आली. दुखलं नाही. ओल्या भिंतीचा पापुद्रा सुटावा तशी अलगद आली. दुखलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला नंतर कितीदा तरी वाटलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी तिच्या हातातून ती वेणी घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या सगळ्यांच्या आधी उठून न्हाणीघराची जाळी स्वतः साफ करू लागल्या. केसांबद्दल त्यांनी पुढे कितीतरी महिने एक शब्द काढला नाही. तिला मात्र वाटायचं, निदान एकदा तरी यांनी मला सुंभावरून बोलावं.

उरलेले केस नवऱ्याने आपल्या दाढीच्या मशीनने काढले. काढून झाल्यावर मान तिरकी करून म्हणाला, "चला, आता हेल्मेट तरी नीट बसेल." ती खरंच हसली, पोट धरून हसली. हसता हसता तिने वर पाहिलं तर त्याची हनुवटी थरथरत होती. मशीन धुवायचं निमित्त करून तो मोरीकडे गेला, आणि त्यानंतर त्याने थट्टा करणंच सोडलं.

डोक्यावरचे गेले त्याचं माणूस काहीतरी करतं, रुमाल बांधतं. पण पुढे भुवया गेल्या, पापण्या गेल्या. नाकातले केससुद्धा गेले, त्यामुळे नाक सारखं पाण्यासारखं गळायचं. आरशात बघितलं तर आजारी बाई दिसायची नाही. पुसून टाकलेली बाई दिसायची.

दोन डोसांच्या मध्ये बरं वाटलं की ती कामावर जायची, विग घालून. एकदा खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ आले. दर महिन्याला लेकीकडे जायचे ते, तिच्या चांगल्या ओळखीचे. काचेशी वाकून म्हणाले, "इथे त्या वेणीवाल्या ताई बसायच्या, त्या कुठे गेल्या हो?"

ती म्हणाली, "रजेवर आहेत."

"आल्या की सांगा, मी विचारत होतो म्हणून."

"सांगते," ती म्हणाली, आणि त्यांना त्यांच्या गाडीचा फलाट सांगितला.

स्थानकप्रमुखाने ते ऐकलं असावं. माणूस चांगला होता. दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "ताई, तुम्ही आता आतल्या खोलीत बसा, माइकवर. तिथे पंखा आहे, कुणी डोकं खायला येणार नाही." आतल्या खोलीला खिडकी नव्हती. ती दार लावून घ्यायची, विग काढून टेबलावरच्या फोनवर ठेवायची आणि उघड्या डोक्याने गाड्या पुकारायची. तिचा आवाज साऱ्या स्थानकात घुमायचा, आणि ती कुणाला दिसायची नाही. सोय म्हणून केलेली ती गोष्ट तिला आत कुठेतरी लागली. पण चांगुलपणाबद्दल तक्रार कुणाकडे करणार?

केमोच्या वॉर्डात तिच्या शेजारच्या खुर्चीवर एक बाई असायची. पोस्टात नोकरी केलेली, तिच्याहून दहाएक वर्षांनी मोठी, जिभेने तिखट. हिने तिचं नाव पोस्टबाई ठेवलं होतं. सलाइन लागलं की पोस्टबाईंचं तोंड सुरू व्हायचं. "लहानपणी उवा झाल्या म्हणून आईने माझा चकोट केला होता. तेव्हा रडले तेवढी आता नाही रडले. तेव्हा शाळेत जायचं होतं ना." नर्सला शीर सापडली नाही की म्हणायच्या, "सावकाश, बाई. पत्ता चुकला की पत्र परत येतं." हेल्मेटच्या त्या थट्टेनंतर वर्षभरात ती मोकळेपणाने हसली असेल तर त्या खुर्चीवरच.

दोघींचे उपचार साधारण एकदमच संपले, आणि दोघींनाही केस यायला लागले. तिचे राखेच्या रंगाचे आले, कुठे दाट कुठे विरळ, उसवलेल्या स्वेटरच्या लोकरीसारखे वळलेले. तिचे केस तर जन्मभर सरळ होते, हे कुणाचे आहेत तिला कळेना. पण घरात आनंद झाला. नवरा येता-जाता डोक्यावरून हात फिरवायचा. सासूबाईंनी कितीतरी महिन्यांनी केसांचा विषय काढला, "जावळ आलं गं तुला." शेजारणी म्हणाल्या, "सुटलीस बाई एकदाची." स्थानकप्रमुखाने तिला परत खिडकीत बसवलं. सगळ्यांनी मनोमन तिचं दुखणं गुंडाळून माळ्यावर टाकलं.

आणि ती मात्र वाट बघत राहिली. केस आले, पण त्यांच्यामागून जी यायची होती ती काही आली नाही. बोटांची टोकं औषधाने बधिर झाली होती, ब्लाउजचं बटण लावताना आरशात बघावं लागायचं. पाठीत साधी उसण भरली तरी पहिलं हेच मनात यायचं, आलं का परत? नवऱ्याने जवळ घेतलं की तिचं अंग लाकडाच्या फळीसारखं व्हायचं. तो समजून बाजूला व्हायचा, आणि तो समजून घेतो याचीच तिला लाज वाटायची. डोक्यावर केस नव्हते तोवर रडायची मुभा होती. लोक जागा द्यायचे, विचारायचे. आता कशाच्या जोरावर रडणार? ती कोपऱ्यात बसलेली दिसली की कुणी ना कुणी म्हणायचंच, "आता काय झालं? आता तर छान केस आलेत की."

उपचार संपून वर्ष उलटल्यावरच्या तपासणीच्या दिवशी नवरा रिपोर्ट आणायला दुसऱ्या मजल्यावर गेला आणि ती बाहेरच्या हॉलमध्ये थांबली. समोरच्या बाकावर पोस्टबाई बसल्या होत्या. केस मानेच्याही खाली आलेले, काळेभोर, दाट, वयाला न शोभणारे. ते बघून तिच्या पोटात दुखलंच. आपली ही लोकर आणि यांचं हे रान, असं मनात येऊनही गेलं.

"काय केस आलेत हो तुम्हाला," ती शेजारी बसत म्हणाली.

"आलेत खरे," पोस्टबाई म्हणाल्या. "पण पसरलंय गं माझं. यकृतात आहे, मणक्यातही. आणि डोक्यावर बघ, नुसती बहार. आत काय चाललंय ते केसांना कुणी कळवलेलंच दिसत नाही."

तिने विचारलं, "मग आता? परत केमो?"

"देतो म्हणतात. बरं होण्यासाठी नाही, थोडे दिवस जास्त मिळावेत म्हणून. मी नाही म्हटलं. परत ती उलटीची बादली, परत तोंडातले फोड, परत सगळ्यांनी माझ्याकडे न बघता माझ्याशी बोलायचं. नको. आत्ता आरशात मी दिसते मला. तेवढी तरी राहू दे." मग त्यांनी पिशवीतून कंगवा काढला. "माझे हात वर जात नाहीत आता. बहीण औषध आणायला गेलीय. जरा विंचरून देतेस?"

ती उठून त्यांच्या मागे उभी राहिली. कंगवा फिरवला, केसांचे तीन भाग केले आणि वेणी घालायला घेतली. उभा जन्म वेण्या घातलेले हात, पण बोटांना काही लागतच नव्हतं. केस हातात आहेत की निसटलेत ते डोळ्यांनी बघावं लागत होतं. दोनदा पेड सुटला, दोनदा तिने पहिल्यापासून घातली. पोस्टबाई डोळे मिटून बसल्या होत्या. म्हणाल्या, "घाई नाही मला." वेणी झाल्यावर त्यांनी ती हाताने चाचपली आणि म्हणाल्या, "छान घट्ट झालीय." ती सैल झाली होती. दोघींनाही ते ठाऊक होतं.

तिचा स्वतःचा रिपोर्ट स्वच्छ निघाला. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, आता सहा महिन्यांनी या. नवऱ्याने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि मान खाली घालून तो रडला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. आपल्याला काहीच कसं वाटत नाही, हे ती दुसऱ्याच कुणाकडे बघावं तसं बघत होती.

घरी जाताना त्याने स्कूटर आइस्क्रीमच्या दुकानापाशी थांबवली. दोघं फुटपाथच्या कडेला उभी राहून खात होती. तो बऱ्याच दिवसांनी गुणगुणत होता.

"अहो," ती म्हणाली, "माझ्या शेजारी बसायच्या ना, पोस्टातल्या, त्यांचं परत आलंय. सगळीकडे पसरलंय."

त्याचं गुणगुणणं थांबलं. "प्रत्येकाचं वेगळं असतं गं."

"केस आले होते त्यांना. माझ्यापेक्षा चांगले."

त्याने स्कूटरचा स्टँड पायाने उगाच परत खाली दाबला.

"मला वाटायचं, केस आले की मी पहिल्यासारखी होईन. मी नाही झाले. तुम्ही सगळे म्हणता मी बरी झाले, मी पण हो म्हणते. पण मला आत काही लागतच नाही. तुम्ही ज्या बाईला घरी घेऊन चाललाय ना, तिला मी ओळखत नाही."

आइस्क्रीम वितळून त्याच्या घट्टे पडलेल्या बोटांवरून मनगटाकडे ओघळत होतं. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो म्हणाला, "माझ्यात आता त्राण नाही गं. खरंच नाही. थोडे दिवस तरी मला सगळं नीट आहे असं म्हणू दे. मग बोलू आपण. पण थोडे दिवस."

तिने त्याच्याकडे पाहिलं. उन्हात त्याने हेल्मेट काढून हातात धरलं होतं. पुढचे केस पार मागे गेले होते, उरलेले पांढरे झाले होते. हे कधी झालं? इतक्या दिवसांत तिने त्याच्या डोक्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. आपल्याच केसांच्या नादात या माणसाचे केस गेलेले आपल्याला दिसले नाहीत. तिने पदराने त्याचं मनगट पुसलं.

"नीट आहे सगळं," ती म्हणाली. "चला."

ते थोडे दिवस संपले नाहीत. त्याने परत कधी विषय काढला नाही आणि तिनेही नाही. ती कामावर जात राहिली, लोकांना गाड्या सांगत राहिली. केस कानाखाली आले, तसे एक-दोघींनी विचारलंही, कुठे कापून घेतलेस, शोभतात तुला. ती म्हणायची, घरीच.

एका रविवारी दुपारी पोस्टबाईंच्या बहिणीचा फोन आला. ती तो ऐकून घेऊन तशीच पलंगाच्या कडेवर बसून राहिली. सासूबाई घड्या घालत होत्या.

"कुणाचा फोन?"

"पोस्टातल्या बाई गेल्या."

सासूबाईंनी हातातली चादर खाली ठेवली. "केस आले होते म्हणालीस ना त्यांना?"

"हो. चांगले आले होते."

सासूबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि तिच्याशेजारी येऊन बसल्या. समोर भिंतीकडे बघतच त्यांनी विचारलं, "तुला भीती वाटते का गं?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "रोज," ती म्हणाली.

"मलाही," सासूबाई म्हणाल्या.

त्या दोघी तशाच बसून राहिल्या. कुणी कुणाचा हात धरला नाही, धीर दिला नाही, कारण देण्यासारखा धीर दोघींकडेही नव्हता. खाली फाटकाशी स्कूटर थांबल्याचा आवाज आला. तशी ती चहा टाकायला उठली, आणि सासूबाईंनी चादर पुन्हा घडी घालायला घेतली.