पंजाबरावांचे रोहित्र

अश्वजित मुनेश्वर यांच्या टेस्ला कॉइलला, हवेत विजेच्या ठिणग्या सोडणाऱ्या त्या यंत्राला, आता केवळ रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, हवे होते. दारव्ह्याच्या आयटीआयमध्ये वीजतंत्री शिकवणाऱ्या या गृहस्थांनी पत्नी इंदूबाईंच्या साहाय्याने प्लॅस्टिकच्या नळीवर तांब्याच्या तारेचे बाराशे वेढे बसवले होते; एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नव्हता. आठ दिवसांवर संस्थेचे प्रदर्शन होते आणि पुढल्या महिन्यात सेवानिवृत्ती. त्या कॉइलमधून एकदा तरी वीज झेपावलेली पाहावी, एवढीच इच्छा उरली होती.

रोहित्राच्या बाबतीत मात्र ते कर्मठ होते. मायक्रोवेव्ह ओव्हनचे रोहित्र भंगारात सहज मिळत होते. पण त्याच्या प्रवाहाला लगाम नसतो, हात लागला की माणूस उरत नाही. निऑनच्या पाटीचे रोहित्र दहा हजार व्होल्टचा दाब देते आणि प्रवाह सुतासारखा बारीक ठेवते. तेही खेळणे नव्हेच. पण चुकलेल्याला बहुधा क्षमा करते. असे रोहित्र गावात एकच होते, पंजाबरावांच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या पाटीमागे. कापसाचे भाव कोसळल्यावर जिनिंगला कुलूप लागले होते, आणि आता त्याच आवारात पंजाबराव बियाणे विकत.

पारव्यांच्या विष्ठेने माखलेले ते धूड खाली उतरवून अश्वजितांनी मांडीवर घेऊन पुसले, मीटर लावला. वेटोळे अखंड होते.

"किती द्यायचे, पंजाबभाऊ?"

"पैसे कोन मांगते जी! अखजीले, पेरनीच्या आंधी, हे यंत्र माह्या दुकानापुढं लावा. दोन मुठी सरकी त्या इजेत धरा. बाकी लोकाईले मी सांगतो."

"काय सांगाल?"

"का हे बियानं इजेनं जागवलं हाय. बोंडअळी याच्या वाऱ्याले उभी राहत नाही!"

पंजाबराव मनापासून हसले आणि पिंक टाकून त्यांनी ओठ पुसले. शेजारी नलू नावाची मजूर बाई उघड्या हातांनी घमेल्यात सरकीला कंपनीच्या औषध लावलेल्या बियाण्यासारखा गुलाबी रंग चोळत बसली होती.

"हे काय करून राह्यली, बाई?" अश्वजितांनी विचारले.

"मांगच्या सालची हाय जी. उगोली नाही म्हून लोकाईनं उरलेली वापस आनली. रंग उडालता, नवा देऊन राह्यली."

"ते बाई लय बोलते," पंजाबराव म्हणाले. "तुमी रोहित्र पाहा."

अश्वजितांनी घमेल्यातली एक सरकी उचलून पाहिली. जे बियाणे मातीत एकदा फसले, त्याला शृंगार करून पुन्हा मातीतच पाठवायचे, आणि साक्षीला वीज! परंतु खरी शिसारी पुढेच होती. मांडीवरच्या त्या लोखंडाचे वजन हवेहवेसे वाटत होते, आणि मन हळूच म्हणत होते: दोनच मुठी तर आहेत, सांगणार ते, आपण थोडेच! हा हिशेब आपल्याच मनात चालला आहे, हे ध्यानात येताच त्यांनी रोहित्र खाली ठेवले. चपला घालून ते चालू लागले.

"काहून मास्तर? चांगलं नाही का?"



घरी इंदूबाईंनी सारे ऐकले. "मंग ते दुसरं लावता का, भंगारातलं?"

"नाही. ते माणूस मारते."

"आन् हे?"

अश्वजित पाटीसाठी पुठ्ठा शोधू लागले.

प्रदर्शनात कॉइल तशीच उभी राहिली. शेजारी त्यांनी सुवाच्य अक्षरांत पाटी लावली: 'योग्य रोहित्र मिळाले नाही.' मुकी वस्तू पाहून लोक थांबत, कारण विचारत. आणि अश्वजित दुकानाचे नाव घेऊन, गुलाबी घमेल्यासकट, सर्व सांगत. बोरी अरबचे एक शेतकरी डोमाजी फार शांतपणे, मान हलवत, शेवटपर्यंत ऐकत राहिले. हा एक तरी समजला, असे अश्वजितांना वाटले.

डोमाजी जवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, ते सरकी बोगस, मान्य. पन घरची चांगली सरकी मी आनली, तं तुमी तिले इज लावून द्यान काय जी?"