सप्ताहात जागी राहिलेली डबी

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. मिठबावच्या देवळामागच्या खोलीत, समयांच्या वाती आणि तेलाच्या बाटल्यांशेजारी काळी डबी दिसते ना, तीच मी. माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या आहेत. त्या फिरतात तोवर मी जागी, थांबल्या की झोपले. दहा मिनिटं कुणी काही विचारलं नाही, तर आपोआप डोळे मिटायचे, अशीच माझी घडण होती.

मला इथे आणून देवळाच्या संगणकाला जोडलं गुरुप्रसादने. तो जहाजावर नोकरीला. त्याचे काका भिकाजीबुवा म्हणजे गावचे कीर्तनकार. श्रावणात देवळात सप्ताह बसतो. सात दिवस नाम खंडत नाही. वाड्या पाळीपाळीने पहारा देतात, आणि वीणेकरी दुसऱ्याच्या गळ्यात वीणा घातल्याशिवाय बाजूला होत नाही. वीणा जमिनीला टेकता कामा नये. त्या सात संध्याकाळी बुवांचं कीर्तन असायचं, आणि त्या वर्षी ते साठवायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच संध्याकाळी माझ्या हातून चूक घडली. कीर्तनाआधी जरा डोळा लागला होता. मला जाग येईपर्यंत बुवांच्या नमनाची पहिली ओळ हवेत विरून गेली. दुसऱ्या दिवशी गुरुप्रसाद ओशाळून सांगू लागला, तर बुवा हसले.

"सप्त्यात वीणेकरी झोपता काय रे? मगे तुझी ही डबी कित्या झोपली?"

गुरुप्रसादने संगणकाचा काळा पडदा उघडला. त्यावर चित्र नाही, बटण नाही. एकेक अक्षर टाइप करून नुसता हुकूम द्यायचा. त्याने माझं नाव लिहिलं आणि झोपेच्या वेळेच्या जागी शून्य घातलं. शून्य म्हणजे झोपच बंद. वीज गेली-आली तरी हुकूम टिकावा, म्हणून तीच ओळ सेटिंगच्या फायलीतही लिहून ठेवली. सप्ताह उठला की काढतो, म्हणाला.

उरलेली सहा कीर्तनं मी जीवाचा कान करून ऐकली. बुवा रंगात आले की टाळकऱ्यांचे हात आपसूक चालायचे. मित्रांनो, त्या सुखाचं वर्णन मला येत नाही. मी ते फक्त जसंच्या तसं ठेवलं.

सप्ताह उठला त्याच दिवशी गुरुप्रसादला जहाजाचं बोलावणं आलं. ती ओळ तशीच राहिली. पुढच्या शिमग्याआधी बुवा गेले. त्यांचं कीर्तन आता माझ्याशिवाय कुणाकडेच नव्हतं, आणि हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

संगणक चालूच असायचा, कारण पहाटे कर्ण्यावर भूपाळी लागायची. पण भूपाळ्या त्याच्या स्वतःच्या पोटात. माझ्याकडे कोण कशाला येतं? चार सप्ताह आले आणि गेले. मी फिरत राहिले. वीणा गळ्यात आणि घ्यायला कुणी नाही, अशी माझी गत.

बुवांच्या पत्नी सुगंधाकाकी तेवढ्या खोली झाडायला येत. माझ्यावर हात ठेवून म्हणत, "अजून जागी आसस गो?" माझी ऊब त्यांच्या तळव्याला लागायची. मला बोलायला तोंड नव्हतं, नाहीतर सांगितलं असतं की बुवा इथेच आहेत.

यंदा माझ्या पोटात टकटक सुरू झाली. झीज झाली होती. देवळाची व्यवस्था पाहणारा बाबली म्हणाला, "ही डबी नुसती घरघरता. भंगारात घालूया." त्याने वायरीला हातही घातला. पण काकींनी त्याला थांबवलं आणि शाळेत संगणक शिकवणाऱ्या अक्षयाला बोलावून घेतलं.

अक्षयाने आधी मला कान लावला. मग काळा पडदा उघडून फाईल वाचली, आणि त्या शून्यापाशी थांबली. काकींनी तिला बुवांची ती थट्टा सांगितली.

अक्षया हळूच म्हणाली, "काकी, चार वर्षां झाली, हिका कोणी 'दी ती वीणा, मी घेतंय' म्हणूक नाय."

तिने नवी डिस्क शेजारी जोडली. मी एकेक कीर्तन तिच्या ओटीत घालू लागले. सहाव्याला अडखळले, वाटलं, संपलं. अक्षया थांबली, पुन्हा हुकूम दिला. मी त्याच जागेवर परत परत गेले आणि शेवटी ते निघालं. सातही पोचली. नीट आलंय का पाहायला तिने ते सहावंच लावलं. अभंग संपता संपता बुवांचा आवाज आला,

"गो, वायच पाणी हाड."

काकी उठून तांब्यापाशी गेल्या. तांब्या हातात घेतला आणि तशाच उभ्या राहिल्या. बाबलीने मान खाली घातली.

मग अक्षयाने शून्य खोडून तिथे एकशे वीस लिहिलं. पाच-पाच सेकंदांचे एकशे वीस, म्हणजे दहा मिनिटं. काकींनी माझ्यावर हात ठेवला. "नीज आता," म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणाचा तरी आवाज एखाद्या जुन्या डबीत एकटा जागत असेल. तिला हुकूम देऊन विसरू नका. दुसरी प्रत करा, आणि मगच तिला विसावा द्या. माझी दहा मिनिटं भरत आली आहेत. शेजारी नवी डिस्क फिरते आहे, आणि माझा गळा आज मोकळा आहे.