अर्धं कीर्तन

आमच्या मामंजींचा एक नियम होता. आरती होईपर्यंत कीर्तनातून उठायचं नाही. भरल्या ताटावरून उठल्यासारखं असतं ते, म्हणायचे. सानपाड्यात सगळे त्यांना ज्योतिबाबुवा म्हणून ओळखतात. साताऱ्याकडून आले, वाशीच्या मार्केटात पाठीवर गोणी वाहिल्या आणि संध्याकाळी आंघोळ करून मंदिरात कीर्तनाला उभे राहिले. गळा काही गोड नव्हता. पण बोलायला लागले की बाया गॅसवरचं दूध विसरायच्या. सून म्हणून नाही, पुढच्या रांगेत बसून ऐकणारी म्हणून सांगते.

त्यांची रीत अशी, की आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं. नास्तिकाचं, कंजुषाचं, खाष्ट सासूचं. तेही असं ठासून, की वाटावं बुवांचं स्वतःचं मतच हे. मग टाळ थांबायचे. बुवा एक श्वास घ्यायचे आणि उत्तर द्यायला सुरुवात करायचे. त्या श्वासात सगळं देऊळ गप्प असायचं. देव कुठे भेटला असं मला कुणी विचारलं, तर मी तिथेच म्हणेन.

माझ्या मनस्वीला बारावीनंतर मार्केटिंगच करायचं होतं. तिचे वडील, उदयसिंह, म्हणत होते की वाशीत बी.कॉम. कर आणि बँकेच्या परीक्षा दे. विकायलाच शिकायचंय तर कॉलेज कशाला, मार्केटात गाळ्यावर बस, असा टोमणाही मारून झाला. तिने मात्र पुण्याचं एक कॉलेज शोधून ठेवलं होतं. तिथे मार्केटिंग हा मुख्य विषय घेऊन बीबीए करता येत होतं. मुलाखतीला आपण केलेलं, लोकांपर्यंत पोचलेलं असं काहीतरी दाखवायचं होतं.

आबा, म्हणजे आमचे मामंजी, नातीच्या बाजूचे. म्हणाले, "समोरच्याच्या मनात काय चाललंय ते आधी वळकायचं, ह्येच शिकवत्यात न्हवं तितं? मग त्यात वंगाळ काय हाय?"

मुलाशी वाद घालण्याऐवजी त्यांनी पोरींच्या शिक्षणावर कीर्तन लावलं आणि उदयसिंहांना पुढे बसवलं. आधी नेहमीप्रमाणे दुसरी बाजू. "पोरगी म्हंजे परक्याचं धन. तिला पुण्याला धाडायची कशापायी? शिकून शानी हुईल आन बापालाच अक्कल शिकवंल. श्येवटी चूलच फुकायची!" देऊळ हसलं. उदयसिंहही हसले, कारण वाक्यं त्यांचीच होती. मग टाळ थांबले. पुढे आबांनी जे सांगितलं त्याने या माणसाला रुमाल काढावा लागला. घरी येताना जिन्यातच ते लेकीला म्हणाले, "भर फॉर्म."

मनस्वीने ते कीर्तन मोबाईलवर घेतलं होतं. त्यातला पहिला भाग तिने रील म्हणून टाकला, बरोबर त्या श्वासापर्यंत. खाली लिहिलं, उत्तर उद्या. मी विचारलं, अर्धंच का गं? तर म्हणाली, "अगं आई, लोक थांबले पाहिजेत ना. आबा पण तेच करतात."

खोटं नव्हतं ते. पण देवळात लोक मांडी घालून बसलेले असतात.

रील वणव्यासारखी पसरली. दुसऱ्या दिवशी तिने उत्तर टाकलं, ते कुणी पाहिलं नाही. आबांच्या नावाने काय काय लिहिलं लोकांनी, मला इथे लिहवत नाही. तिने घाबरून रील काढली, तोवर दुसऱ्यांनी ती आपापली म्हणून लावली होती. मंदिराची मंडळी घरी आली, चहा प्याली आणि मान खाली घालून म्हणाली, यंदाच्या सप्ताहात दुसरे बुवा ठेवू, जरा थंड होऊ दे. आबा म्हणाले, "बरं." एवढंच.

मुलाखतीत मनस्वीने सगळं खरं सांगितलं. मुलाखत घेणारे खूश झाले. लोकांना थांबवायचं कसं ते तुला कळतं, म्हणाले. जागा मिळाली.

घरी येऊन ती आबांच्या पायाशी बसली. पुण्याला जाणार नाही, वाशीत बी.कॉम. करते, म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"माज्यापायी जागा सोडलीस, तर म्या जे अर्धं बोललो त्येच खरं ठरंल. मग उत्तर कुटं ऱ्हाइलं, बाळा?"

तिने पुण्याचा प्रवेश पक्का केला. घरात पेढा कुणाच्या घशाखाली उतरला नाही.

निघायच्या दिवशी आम्ही तिला हायवेवर पुण्याची बस पकडून द्यायला गेलो. आबांनी तिच्या कपाळाला बुक्का लावला. शेजारी उभी असलेली एक बाई त्यांच्याकडे निरखून बघत होती. शेवटी म्हणालीच, "तुमीच ना ते चूलवाले बाबा? मग ही बॅग कोणाची, नातीची? दुसऱ्यांच्या पोरींनी चूल फुंकायची, होय?"

मनस्वी पुढे झाली. "मावशी, त्याच्या पुढचं ऐका—" पण बस आली, धक्काबुक्की झाली, बाई मागच्या दाराकडे गेली. आबांनी त्या बाईला हात जोडले आणि मनस्वीला म्हणाले, "चड आदी. गाडी सुटंल." खिडकीत तिचा चेहरा मला नीट दिसलाही नाही.

संध्याकाळी सप्ताहाचं कीर्तन होतं. मला वाटलं आबा यायचे नाहीत, पण आले. मागे खांबाला टेकून बसले. नवे बुवा तरुण, आवाज सुरेल. रंगात आले आणि त्यांनीही समोरच्याचं म्हणणं मांडायला घेतलं. देव कुठेय, दाखवा मला, असं हातवारे करून विचारू लागले. लोक हसले. टाळ थांबले.

मी सवयीने मागे वळून पाहिलं. आबा खांबाला धरून उठत होते. बुवांनी श्वास घेतला, आणि उत्तर सुरू व्हायच्या आत आबा दाराबाहेर गेले होते. आरतीचं तबक अजून झाकलेलंच होतं.