दुसरीच्या मापाचा ड्रेस

मास्तरांना भूक लागलेली असायची, ताटही समोर असायचं. पण बायकोचा हात पुढे आला की तोंड बंद. ओठ असे मिटून घ्यायचे, जणू टाका घातलाय. सून शेजारी येऊन बसली, की तोच मऊ भात निमूट खायचे आणि वर विचारायचे, "तू जेवलीस का, सुई?"

सुई हे बायकोचं नाव. लग्नाआधी ती त्यांच्या शिंपीकामाच्या दुकानात काजं करायला बसायची. अंगाने काडी, म्हणून त्यांनीच ठेवलेलं. शाळा उघडायच्या आधी गणवेशांचे ढीग पडायचे, मान वर करायला फुरसत नसायची, तेव्हा मास्तर जाता जाता तिच्या पुढ्यात बिस्किटांचा अर्धा पुडा ठेवायचे. पुढे त्यांनी कापायचं आणि तिने शिवायचं, असा सत्तेचाळीस वर्षं संसार झाला. सुईची केव्हाच उशी झाली होती, आणि मास्तरांचं विसरणं वाढलं तसं नाव जाऊन बसलं होतं काटकुळ्या सुनेवर. बायकोला मास्तर आता 'बाई' म्हणायचे. दुकानात कामाला ठेवलेली कुणीतरी. "बाई, काम आटपलं असेल तर निघा," असं रोज संध्याकाळी सांगायचे. ती निघायची, स्वयंपाकघरापर्यंत.

हेही तिने गिळलं असतं. पण मुलाने दुसरं घर मांडलं आणि सून येत्या रविवारी कायमची माहेरी जाणार होती.

मुलगा फोनवरच बोलायचा. डॉक्टरांच्या काट्यावर बाबा शेहेचाळीस किलो भरले होते. पंचेचाळीसच्या खाली गेले तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि नळीचं माणूस तुला एकटीला झेपणार नाही, असं त्याने सांगितलं. वृद्धांच्या एका संस्थेत विचारून ठेवलं होतं. खाट खिडकीजवळची मिळणार होती. खिडकीचं त्याने दोनदा सांगितलं.

म्हणून ती सुनेच्या खोलीत गेली. अकरा वर्षांत त्या दाराशी ती उभी राहायची ती काही चुकलंय हे सांगायलाच. सून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"रोज एकदा येऊन जा," ती म्हणाली. "दुपारचं तेवढं भरव."

"तुमच्या मुलाने मला सोडायचं आणि तुमच्या नवऱ्याला मी सांभाळायचं. हा कुठला न्याय, आई?"

"त्यांनी तुझं काय वाकडं केलंय?"

"त्यांनी काहीच नाही." सून घडी घालायची थांबली. "अकरा वर्षांत तुम्ही एकदा तरी मला 'जेवलीस का' विचारलंत? या घरात ते एकटेच विचारतात. आणि तेही मला तुम्ही समजून."

तरी तिची जीभ गप्प बसली नाही. "माझ्या नावावर लाड करून घेताना बरं वाटलं की तुला."

"घ्या तुमचं नाव परत," सून म्हणाली, आणि एक निळा ड्रेस बाजूला फेकला. "हाही ठेवा. भांडी पुसायला होईल."

रविवार गेला. सोमवारी मास्तरांनी दोन चमचे दूध घेतलं, मंगळवारी तेही थुंकलं. दिवसभर दाराकडे बघत बसले. बुधवारी तिने तो निळा ड्रेस मशीनवर घेतला. सून रोज दुपारी हाच अंगावर असताना भरवायची. तयार कपड्यात शिवणीच्या आत माया, जादा कापड, ते कितीसं. सोडून सोडून किती सोडणार? शेवटी बगलेपासून खालपर्यंत दोन्ही अंगांना जुन्या चादरीच्या पट्ट्या जोडल्या, आणि आरशात न बघता तो अंगात चढवला. वयाच्या सत्तरीत नवऱ्याला भुलवायला सुनेचे कपडे. दुकानातल्या जुन्या कारागिरांनी पाहिलं असतं तर हसून लोळले असते.

मास्तरांचा चेहरा उजळला. "सुई," ते म्हणाले आणि तोंड उघडलं. पहिला घास गेला. दुसरा गेला. तिच्या डोळ्यांसमोर काट्यावरचा आकडा हलला.

पण ज्याने उभा जन्म गिऱ्हाईक दारातून आत येईस्तोवर त्याचं माप सांगितलं, त्याला आपण कपड्याने फसवायला निघालोय, हे ती विसरली होती. तिसऱ्या घासाला मास्तरांचा हात तिच्या बगलेखालच्या शिवणीवर आला. बोटं पट्टीवरून वर खांद्यापर्यंत गेली आणि तिथे थांबली.

"हा तुमच्या मापाचा नाही. खांदा चढतोय." त्यांनी पट्टी चिमटीत धरली. "ही जोड कुणी दिली?"

"मीच."

"टाका चांगला आहे. पण कपडा सुईचा आहे, बाई. तिला न विचारता घालायचा नाही."

"मीच सुई आहे हो," ती म्हणाली.

मास्तरांनी तिच्याकडे नीट पाहिलं, गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं, डोक्यापासून पायापर्यंत. "नाही," ते समजुतीने म्हणाले. "तिचं माप मला माहीत आहे."

मग त्यांनी नखाने एक टाका उचलला आणि तिच्या अंगावरच पट्टी उसवायला घेतली. बोटं कामाला लागली, तसं तोंड आपोआप थोडं उघडं राहिलं. तिने त्यात घास घातला. त्यांनी गिळला. ती हलली नाही. कमरेपर्यंत शिवण उसवली तेव्हा भात संपत आला होता.

त्या दिवसापासून हेच चाललं आहे. दुपारी ते उसवतात आणि खातात; संध्याकाळी ती पुन्हा शिवते. महिनाअखेर काटा सत्तेचाळीसवर गेला. मुलगा फोनवर म्हणाला, बघ, तुझ्या हातचं खायला लागले ना? ती हो म्हणाली.

शेवटचा घास मात्र मास्तर घेत नाहीत. ताटली हाताने बाजूला सारतात. "एवढा सुईला ठेवा, बाई. ती अजून जेवली नसेल."

ती ताटली स्वयंपाकघरात नेते, तो गार घास उभ्यानेच खाऊन टाकते, आणि चष्मा लावून पट्टी जोडायला बसते.