न दुखणारा पाय

दवाखान्यातली नर्सची नोकरी सोडून घाटंजीत अ‍ॅक्युप्रेशर सेंटर काढते, असं बबिता म्हणाली तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला. पण सेंटर चाललं, आणि ते कशामुळे चाललं हे तिला पक्कं ठाऊक होतं. भिंतीवरच्या कोर्सच्या सर्टिफिकेटकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. लोक यायचे ते सिस्टरबाईंकडे. म्हणून तर नोकरी सुटली तरी पांढरा कोट तिनं काही सोडला नव्हता.

शकुबाई त्यातलीच. कापूस वेचणारी, शुगरची जुनी पेशंट. तळपायांची सारखी आग व्हायची. बबितानं तिला टोकदार दात्यांच्या लाकडी रोलरवर तळवे फिरवायला शिकवलं, आणि एक रोलर घरीही दिला. पावसाळा सरता सरता शकुबाई हसतच आली.

"सिस्टरबाई, आता काहीच दुखत नाही. ना आग, ना मुंग्या. मस्त वाटून राह्यलं!"

बबिता हुरळली. तिथल्या तिथं शकुबाईचा व्हिडिओ काढून तिनं स्टेटसला टाकला.

शुगरच्या माणसाचा पाय असा दुखायचा थांबला, तर तो बहुतेक बधिर झालेला असतो. वॉर्डात नव्या पोरींना हेच तिनं घसा कोरडा करून शिकवलं होतं. पण कौतुक ऐकायला मिळालं आणि बाईंची अक्कल गेली चरायला. तळवा उलटा करून बघायचंसुद्धा तिला सुचलं नाही.

दिवाळीनंतर शकुबाई पुन्हा आली. चालत होती चांगली, पण वास दारातूनच आला. तळव्याला रोलरनं पडलेली जखम, आत पू, अंगठा काळा. ऑटो करून बबितानं तिला तडक यवतमाळला नेलं.

डॉक्टर तरुण होते, बबिताला वॉर्डातल्या दिवसांपासून ओळखणारे. "अंगठा काढावा लागेल. पाय वाचेल असं वाटतं. तुम्ही आणलंत म्हणून बरं, सिस्टर. जखम कशानं झाली?"

"वावरात काटा रुतला जी," शकुबाई पटकन बोलली. बबिताकडे तिनं पाहिलंही नाही.

बबिताला हायसं वाटलं. आणि आपल्याला हायसं वाटलं याचीच तिला इतकी लाज वाटली, की मान वर होईना.

"काटा नाही, सर," ती म्हणाली. "माझा रोलर. पाय बधिर झाला होता, मी तो बरा झाला समजले. व्हिडिओसुद्धा काढला."

"सिस्टर, तुम्ही?" डॉक्टर म्हणाले.

"त्याहिले कायले बोलता, साहेब?" शकुबाई खाटेवरून उसळली. "मीच जोरजोरानं फिरवला. त्याहिची काय चूक?" मग बबिताचा हात घट्ट धरून म्हणाली, "अंगठा कापतीन तवा तुमी इथंच राहा जी. मले भेव लागते."

तिनं शिव्या हासडल्या असत्या तर बबितानं त्या सोसल्या असत्या. हा हात मात्र तिला सोसवेना, आणि सोडवूनही घेता येईना.